राजाचे मेहुणे आणि तिळातले तोतये

"तूप मी खाणारच! पण त्यातला थेंबही माझ्या रक्तात शिरता कामा नये!" चंदनगडचे राजे भद्रसेन गरजले आणि त्यांनी अख्खी वाटी भातावर रिकामी केली.

राजवैद्य शिवदेवांनी कपाळाला हात लावला. राजाचं रक्त चरबीनं दाटत चाललं होतं. देवघराच्या चार पायऱ्या चढताना महाराजांचा श्वास फुलायचा, आणि खापर फुटायचं पायऱ्यांवर!

"महाराज, तीळ, जवस, डाळी, बदाम खात चला," वैद्य म्हणाले. "त्यांत चरबीच्याच तोंडवळ्याचा एक अंश असतो. तो तिला रक्तात शिरू देत नाही."

"चरबीच्या तोंडवळ्याचा? म्हणजे तिचाच भाऊबंद! आणि तो काय माझ्या पोटात तलवार उपसून उभा राहणार? सोमवारच्या पंगतीत मला हे डोळ्यांनी दाखवा! नाहीतर तुम्ही आणि भाजीत तिळाचा कूट घालणारा तो आचारी, दोघंही गडाखाली!"

तो आचारी म्हणजे धोंडिबा. त्याची बायको सगुणा तिथेच वरणाचं ओगराळं घेऊन उभी होती. गडाखाली त्यांना ना घर ना दार! मग तिला संताप आला. वाटीभर तूप गिळणाऱ्या माणसाला चिमूटभर तीळ जड व्हावेत?

"म्हाराज, म्या दावते!" ती म्हणाली.

"तू? बरं! पण कुणाला तलवार दाखवायची नाही, कुणाला हाकलायचं नाही."

"कबूल! पर पाटावर बसलेल्याला तुमीबी उठवायचं न्हाई."

"पाटावरून पाहुणा उठवायचा? आमच्या घराण्यात असलं पाप कधी घडलं नाही!"

आता, या राजाला मेहुणे होते. होते म्हणजे काय, उदंड होते! भगवे फेटे बांधून प्रत्येक पंगतीला टपकायचे, आणि फेटा दिसला की द्वारपाल बाजूला व्हायचे.

सोमवारी मेहुणे मिशांना पीळ देत आले, तर काय! सगळे पाट भरलेले! पाटापाटावर भगवा फेटा!

"ऊठ रे!" थोरला मेहुणा एकावर खेकसला.

महाराजांना सगुणाला दिलेला शब्द आठवला. बसलेल्याला उठवणार कसं? त्यांनी लाडक्या दोघा मेहुण्यांना हाताला धरून आपल्या शेजारी कोंबलं. बाकीचे थोडा वेळ बुंदीचा वास घेत घुटमळले आणि मागच्या दारानं चालते झाले.

इकडे फेटेवाल्यांनी ताटाला नमस्कार केला, विडे उचलले आणि घासही न घेता उठले.

"अरे, जेवा की!" महाराज ओरडले.

"आमचा सोमवार हाय, म्हाराज!" सगळे एका सुरात म्हणाले. ती होती सगुणानं फेटे बांधून आणलेली तेलीआळीतली माणसं!

"सगुणा! हा काय तमाशा?"

"म्हाराज, हे पाट म्हंजे पोटातनं रक्तात जायाची वाट. मेहुणे म्हंजे चरबी..."

राणीसाहेब पदराआड फिस्सकन हसल्या.

"...आन् हे तेली म्हंजे तिळातले तोतये! तोंडवळा तोच, म्हणून पाट अडवत्यात. आपण मातुर रक्तात फारसं जात न्हाईत, आले तसे निघून जात्यात. पर जेवणासंगट यायला पायजेत. मेहुणे जेवून ढेकर दिल्यावर तोतये बसवून काय उपेग?"

वैद्यांनी टाळीच वाजवली. पण महाराज सहजासहजी हरणारे नव्हते. त्यांनी शेजारी बुंदी हाणणाऱ्या मेहुण्यांकडे बोट केलं.

"मग हे दोघं कसे शिरले? हरलीस!"

सगुणानं महाराजांच्या हातातल्या तुपाच्या वाटीकडे पाहिलं. वाटी दुसऱ्यांदा भरलेली होती.

"ह्यांस्नी तुमीच हाताला धरून आत घेतलंत की! दारातल्यांचं तीळ बघतील, म्हाराज. तुमच्या हाताला ते काय करणार?"

महाराजांनी वाटीकडे पाहिलं, मेहुण्यांकडे पाहिलं, पुन्हा वाटीकडे पाहिलं. आणि असे खदाखदा हसले की कमरपट्ट्याची कडी तटकन तुटून वरणात पडली!

"धोंडिबा, उद्यापासून माझ्या ताटात तीळ पेर! तूप चमच्यानं वाढ! आणि सगुणा," डोळे पुसत महाराजांनी खजिनदाराला खूण केली, "पाट अडवलेस ना? मग घे या सोन्याच्या पाटल्या!"