पाण्यातली शीव

चंद्रणा नदीच्या पश्चिम काठावर बोरवेळे नावाचे गाव आहे. हल्ली त्याला कोणी गाव म्हणत नाही. शहर वाढत वाढत येऊन त्याला बिलगले आणि बोरवेळे उपनगरात जमा झाले. पण ही कथा घडली तेव्हा शहर दोन कोस दूर होते, आणि बोरवेळ्याची वांगी, मेथी, पडवळे सकाळी पेठेत पोचली नाहीत तर शहरातल्या बायका रिकाम्या पाटीकडे बघत बसत. अशा त्या भाग्यवान गावाच्या घाटाखाली, उघड्या वाळूत, श्री वाळूबुवा महाराजांचा मुक्काम होता. महाराजांना मठ नव्हता की गादी नव्हती. नदीची वाळू हेच त्यांचे आसन, म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिले आणि महाराजांनी ते हसत घेतले.

महाराजांना रोज दुपारची भाकरी आणून देई ती सारजाबाई. गावाची वेस आणि शीव राखणाऱ्या वेसकराच्या घरची ही विधवा सून. तिचा सासरा रायनाक दरवर्षी गावदेवीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी गावाची शीव चालायचा आणि प्रत्येक खुणेपाशी दहीभाताचा घास ठेवायचा. भाताची पाटी सारजाबाईच्या डोक्यावर असायची. पुढे नवरा गेला, सासराही गेला, घरात पुरुषमाणूस उरला नाही. पण चालता चालता सासऱ्याने शिवेच्या सगळ्या खुणा तिच्याकडून घोकून घेतल्या होत्या. जोडजांभूळ, पांढरीचा उंचवटा, तीन तोंडांचे वारूळ... अशा एकोणचाळीस खुणा, ओळीने.

त्यातली बाविसावी खूण म्हणजे चांदसूर्याचा धोंडा. हा धोंडा हयात माणसांपैकी कोणीच पाहिलेला नव्हता. नदीच्या मोठ्या डोहापाशी आले की रायनाक थांबे, पाण्याकडे हात करून धोंड्याचे नाव घेई, एक घास पाण्यात सोडी, आणि मग दोघे नावेतून पलीकडे जाऊन पुढची खूण धरत. सारजाबाईने कधी 'का' म्हणून विचारले नाही. सासरा म्हणतो म्हणजे धोंडा आहे, एवढे तिला पुरे होते.

आता झाले असे, की नदीपलीकडच्या निमसर गावाने एक दावा सांगितला. पलीकडच्या काठाला साठ बिघे मळईची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन होती. ती पिढ्यान् पिढ्या बोरवेळ्याची. गावातली चाळीस घरे तिच्यावर भाजीपाला काढून जगत होती. निमसरचे पाटील भुजंगराव म्हणू लागले, "नदी हीच शीव. आमच्या काठाला जे आहे ते आमचं."

मामलेदार चौकशीला आले. त्यांनी बोरवेळ्याचे कुलकर्णी त्र्यंबकपंत यांच्याकडे जुना कागद मागितला. पंत म्हणजे आपल्या दप्तराचे मोठे अभिमानी! त्यांनी दप्तराचा रुमाल सोडला, छाती पुढे काढली आणि भर चावडीत खणखणीत आवाजात वाचले, "पूर्वेस चंद्रणा नदी." वाचले मात्र, आणि निमसरकरांच्या तोंडावर हसू फुटले. आपणच आपल्या गावाचा गळा कापला, हे पंतांना तत्क्षणी कळले. पण चूक कबूल करतील तर ते पंत कसले? "कागदात आहे ते आहे," असे म्हणून त्यांनी रुमाल पुन्हा बांधला.

चाळीस घरांच्या तोंडचे पाणी पळाले. सगळे घाटाखाली धावले. महाराजांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "कागद खोटा नाही आणि नदीही खोटी नाही. पण कागद बसल्या जागी असतो रे, नदी चालते! कागद लिहिला तेव्हा ती कुठे होती? शीव चाललेल्या माणसाला विचारा." एवढे बोलून महाराजांनी भाकरी घेऊन आलेल्या सारजाबाईकडे पाहिले.

त्या काळी शिवेचा तंटा तोडण्याची एक रीत होती. एका माणसाने शिवेच्या मातीचे ढेकूळ डोक्यावर घेऊन दोन्ही गावांसमक्ष चालायचे. तो जिथून जाईल ती शीव. नावेत बसायचे नाही, माघारी फिरायचे नाही. ढेकूळ पडले तर गाव हरले, आणि चालणाऱ्याने त्याच दिवशी घरदार सोडून गावाबाहेर जायचे. मामलेदारांनी दोन्ही गावांना विचारले. भुजंगराव लगेच हो म्हणाले, कारण डोह चार पुरुष खोल आहे हे त्यांना चांगले ठाऊक होते.

सारजाबाई चालणार हे कळल्यावर पंत चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "शाबास! आता वेसकराच्या सुनेनं गावाचा निकाल करायचा! अगं सारजे, एक अक्षर तरी वाचता येतं का तुला? आणि तो पाण्यातला धोंडा कोणी पाहिलाय? तुझ्या सासऱ्यानं इतकी वर्षं माशांना दहीभात चारला, दुसरं काय!"

चार लोक हसले. सारजाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. स्वतःसाठी नव्हे, सासऱ्याला हसले म्हणून. पण ती मान वर करूनच बोलली, "पंत, मला वाचाया येत न्हाई, खरं हाय. पर माझ्या सासऱ्यानं एक बी खूण खोटी दिली न्हाई. मी चालती."

तिथून ती तडक घाटाखाली गेली. "म्हाराज, खुणा समद्या ठाव्या हायेत. पर डोहात पाय कुठं ठिवू? मला पवाया येत न्हाई."

महाराज हसून म्हणाले, "पोहायला कोण सांगतंय तुला, माय? तू खुणा म्हणत जा. पायाखालचं आम्ही बघतो."

काय त्या शब्दांचे सामर्थ्य! सारजाबाईच्या मनातली धाकधूक जी गेली ती गेलीच. घरी जाऊन ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावे लोटली. आश्विनाचा महिना, नदी भरून वाहत होती. महाराजांनी स्वतःच्या हाताने ढेकूळ तिच्या डोक्यावर ठेवले आणि ते पुन्हा वाळूत जाऊन बसले. सारजाबाई निघाली. जोडजांभूळ केव्हाच तुटले होते; पण तिने पाय रोवला तिथे मामलेदारांनी उकरून पाहायला लावले, तर हातभर खाली जुना बुंधा निघाला. एकेक खूण अशीच पटत गेली. ती एकविसाव्या खुणेपाशी पोचेपर्यंत निमसरकरांचे हसणे बंद झाले होते.

मग आला डोह.

भुजंगराव ओरडले, "आता नाव मिळायची नाही हं, बाई!" पंतही घाबरले. त्यांच्या आवाजातली टवाळी पार गेली होती. "सारजे, थांब! जीव जाईल तुझा!"

सारजाबाईने मागे पाहिले नाही. तिने पाऊल टाकले. पाणी घोट्याला लागले, गुडघ्याला लागले आणि तिथेच राहिले. तळपायाखाली तिला चिखल लागला नाही की वाळू लागली नाही. कोणी खालून तळहात धरावा, तसे काहीतरी ऊबदार, भक्कम लागले. तिने दुसरे पाऊल टाकले, तर तिथेही तेच! काठावर हजार माणसे श्वास रोखून उभी होती. चार पुरुष पाण्यावरून ती बाई ओढा ओलांडावा तशी चालली होती. ऐन मध्यावर तिच्या अंगठ्याला ठेच लागली. ढेकूळ हलले. चाळीस घरांच्या काळजाचा ठोका चुकला. तिने हाताने न धरता, नुसती मान ताठ करून ते सावरले आणि साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असे ओरडली, "चांदसूर्याचा धोंडा!"

पलीकडे चढून उरलेल्या सतरा खुणा तिने दुपारपर्यंत चालून पुऱ्या केल्या. ढेकूळ जसेच्या तसे होते.

मामलेदार माणूस चोख. त्यांनी नाव घालून डोहात बांबू सोडायला लावला, तर सगळा बांबू बुडाला तरी तळ लागला नाही. मग सारजाबाईने दाखवलेल्या जागी त्यांनी मुद्दाम निमसरच्याच कोळ्याला बुडी मारायला सांगितले. दोनदा तो रिकामा वर आला. तिसऱ्यांदा वर आला तो धापा टाकीतच बोलला, "हाय सरकार! उभा धोंडा हाय. हातानं चाचपला. वर चांद कोरलाय, सूर्य कोरलाय!"

कागद लिहिल्यानंतर, शंभर वर्षांपूर्वीच्या एका महापुरात, नदी आपली वाट बदलून साठ बिघ्यांच्या पलीकडून अलीकडे आली होती आणि तिने बोरवेळ्याची शीव पोटात घेतली होती. मामलेदारांनी जागच्या जागी निकाल दिला. साठ बिघे बोरवेळ्याचे राहिले. भुजंगरावांनीही मान खाली घालून सही केली.

तेवढ्यात कोणाचे तरी लक्ष महाराजांकडे गेले. कोरड्या वाळूत महाराज डोळे मिटून बसले होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते, आणि तळहातांवर गाळाने उमटलेल्या टाचांच्या खुणा होत्या! बायाबापड्यांना रडू आवरेना.

त्र्यंबकपंत गर्दीतून वाट काढत आले आणि महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराजांनी पाय आखडून घेतले. "पंत, आज चाललं कोण?" त्यांनी विचारले.

पंत उठले. सारे गाव बघत होते. ज्या घरची सावली अंगावर पडू नये म्हणून पंत जन्मभर वाट सोडून चालत आले, त्या घरची सून चिखलाच्या पायांनी समोर उभी होती. पंतांनी डोक्यावरची पगडी काढून वाळूत ठेवली आणि तिच्या पायांपाशी वाकले.

सारजाबाई चपापून मागे सरली. "पंत, ह्ये काय करता जी!"

"सारजाबाई," पंत म्हणाले, "मागे सरू नका. तुमच्या सासऱ्याला हसलो मी. माझी चूक पदरात घ्या."

आणि त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी डोळे उघडले, ते दृश्य पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. भाविकहो, पंतांनी त्या दिवशी जिथे डोके टेकले, तिथेच आपणही टेकू या. महाराजांना तो नमस्कार पोचतो.