पाहुण्याचा बास्ट

"या शब्दाचा अर्थ सांगा, मूळही सांगा! नाहीतर एकेकाची पगडी जप्त!" चिंचणगडचे रणधीरराजे गरजले.

शब्द होता 'बास्ट'. झाडपाला गोळा करत फिरणाऱ्या एका जर्मन पाहुण्याचा. त्याचा दुभाष्या तापानं वाटेतच आडवा झालेला. पाहुणा सकाळपासून दोन्ही हात कमरेला घट्ट दाबून दरबारात उभा, आणि एकच घोष, "बास्ट! बास्ट!"

"महाराज, हा मंत्र आहे," खंडभटशास्त्री म्हणाले. "आणि कमरेवर हात, हा त्यांच्याकडचा नमस्कार."

झालं! अख्खा दरबार कमरेवर हात ठेवून उभा! विद्वान ना ते, डोळे उघडायचे कशाला?

तेवढ्यात हा घोष ऐकून दोर वळणाऱ्या मल्हारीची लेक हौसा आत आली. खांद्यावर तळ्यात कुजवलेल्या अंबाडीची मोळी. राजांनी नाक दाबलं.

"तळ्याला घाण वास आणतेस ती तूच का? या घाणीनं आमच्या शास्त्र्यांना सुचेना! तूच सांग आता अर्थ. नाहीतर आजच तळं बुजवतो!"

तळं गेलं की दोर गेले, दोर गेले की चूल गेली. हौसानं पाहुण्याला वरून खाली न्याहाळलं.

"शास्त्रीबुवा, सकाळपासून त्याच्या तोंडाकडं बघताय. हातांकडं बघितलंत का?"

"काय आहे हातांत?"

"विजार! पट्टा तुटलाय बिचाऱ्याचा!"

तिनं अंबाडीची काडी सोलली, सालीतला लांब वाख, दोराचा धागा, सर्रकन ओढला आणि पुढं केला. पाहुणा आनंदानं किंचाळला, "बास्ट!" कमरेला दोन वेढे, गाठ पक्की, आणि त्यानं दोन्ही हात मोकळे करून हौसाला नमस्कार घातला!

शास्त्रीबुवांचे हात हळूच कमरेवरून खाली आले.

"सालीतला चिवट वाख! कळला अर्थ," राजे म्हणाले. हट्टी ते हट्टीच. "पण शब्दाचं मूळ?"

"ते त्यांच्याकडच्या शहाण्यांना तरी धड ठाऊक असेल का, देव जाणे!" हौसा म्हणाली. "पण महाराज, हा शब्द पहिल्यांदा गादीवर बसलेल्यानं काढला नसणार. ज्याचं काहीतरी सुटत होतं, त्यानंच काढला असणार!"

राजे असे हसले, असे हसले, की तटकन सुरवारीची नाडी तुटली! दोन्ही हात कमरेवर मारून ते ओरडले, "बास्ट! अगं हौसा, बास्ट!"

हौसानं वाख पाठीमागं लपवला. "आधी तळं!"

"तुझं! तुझ्या नातवंडांचंसुद्धा!" राजे हसत हसत खाली बसले. "दे लवकर!"