तीमथ्याचं दान

एका गावात तीमथ्य नावाचा एक भोळा माणूस होता. भोळी माणसं सहसा समाधानी असतात. हा भोळाही होता आणि वर कुरकुऱ्याही होता. देवानं एकाच माणसावर एवढी मेहनत का घेतली, कोण जाणे.

सकाळी डोळे उघडले की याचं सुरू. कोंबडा लवकर आरवतो. चहा फार गरम आहे. कुरकुर संपेपर्यंत चहा गार झाला की, चहा गार आहे. रविवारी देवळात उपासनेला गेला तर बाक टणक. मळ्यात वांगी लागली नाहीत तर का लागली नाहीत, आणि लागली तर आता ती तोडायची कुणी.

बायकोचं नाव सुवार्ता. तिनं पुष्कळ ऐकून घेतलं. मग नाताळ आला. तिनं करंज्या केल्या. खोबरं, खसखस, बेदाणे, सगळं सढळ हातानं घातलं. तीमथ्यानं एक करंजी खाल्ली आणि म्हणाला, "सारण फार झालंय."

सुवार्तानं भांडण केलं नाही. पिशवी भरली आणि माहेरी निघाली. दारातून म्हणाली, "तुमची कुरकुर थांबली की येईन. सुगीच्या सणापर्यंत वाट बघते. नाही थांबली तर मी आईकडेच बरी. तिथं सारण कुणाला जास्त होत नाही."

घर रिकामं झालं. तीमथ्यानं सवयीनं कुरकुर केली, पण ऐकायला कुणी नव्हतं. तेव्हा त्याला रडूच आलं. तिच्यावाचून आपलं काही खरं नाही, एवढं त्या डोक्यातही शिरलं. तो उठला आणि देवळाच्या पाळकसाहेबांकडे गेला.

पाळकसाहेब स्वभावानं गरीब. त्यांनी त्याला खुर्ची दिली. खुर्ची डुगडुगते, असं तो म्हणाला. साहेबांनी तेही ऐकून घेतलं.

"हे बघ तीमथ्या," ते म्हणाले, "बायबलात आहे ना, अरण्यात लोकांना आकाशातून भाकर मिळाली, तरी ते कुरकुरत राहिले. तू तसा होऊ नकोस. काहीही झालं तरी तोंडातून एवढंच निघू दे, 'देवाचे उपकार.'"

"काहीही झालं तरी?"

"काहीही."

तीमथ्य पाठ करत निघाला. वाटेत शद्रकआजोबांचं घर. आजोबा म्हणजे देवळाचे जुने पंच, शब्दाचे कडक आणि काठीचेही. त्यांच्या नातीचं लग्न जवळ आलं होतं, दारात मांडव घातला होता आणि दुसऱ्या कुणाचं काम पसंत पडत नसल्यामुळे आजोबा स्वतःच शिडीवर चढून पताका बांधत होते. शिडी सरकली. पताका वर राहिल्या, आजोबा खाली आले.

"पाय मोडला रे," आजोबा कण्हले.

तीमथ्यानं हात जोडले. "देवाचे उपकार."

"अरे, पाय मोडला म्हणतोय मी."

"ऐकलं ना आजोबा. देवाचे उपकार."

आजोबांनी पडल्यापडल्या काठी चाचपली आणि फेकली. पाय मोडला होता, नेम शाबूत होता.

तीमथ्य कपाळावर टेंगूळ घेऊन पाळकसाहेबांकडे परत आला. साहेबांनी टेंगळाला हळद लावली आणि म्हणाले, "अरे, दुसऱ्याच्या संकटात कुणी उपकार मानतं का? तिथं जवळ बसायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, 'धीर धरा, हेही दिवस जातील.'"

"हे आधी सांगायला पाहिजे होतं," तीमथ्य म्हणाला. मग ही कुरकुरच झाली हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं घाईघाईनं देवाचे उपकार मानले.

लग्नाचा दिवस आला. आजोबा प्लास्टरमधला पाय लांब करून मांडवात खाटेवर बसले होते. तीमथ्य जेवायला आला. त्यानं नवऱ्यामुलाकडे पाहिलं. अंगात जाड कोट, गळ्याला टाय आवळलेला, तोंडावर घामाच्या धारा, आणि सगळी माणसं त्याच्याकडेच बघताहेत. हा पोरगा फार मोठ्या संकटात आहे, असं तीमथ्याला वाटलं. त्याला खरंच वाईट वाटलं. तो स्टेजवर गेला, शेजारी बसला आणि नवऱ्यामुलाचा हात हातात घेतला.

"धीर धरा. हेही दिवस जातील."

"कोणते दिवस?" नवऱ्यामुलाची आई म्हणाली.

"हेच. लग्नाचे," तीमथ्य म्हणाला. मग त्यानं नवरीचाही हात धरला. "बाई, तुम्हीही धरा धीर."

नवरी रडायला लागली. खाटेवरून काठी आली.

पाळकसाहेब या वेळी जरा वेळ डोळे मिटून बसले. प्रार्थना करत असावेत. मग म्हणाले, "तीमथ्या, तू आता बोलूच नकोस. आपल्या जागी शांत बसायचं. सोसायचं. जे चाललंय ते देवावर सोडायचं."

"काहीही चाललं तरी?"

हा प्रश्न साहेबांनी एव्हाना ओळखायला हवा होता. पण माणूस थकतो. "काहीही," ते म्हणाले.

तीमथ्य घरी आला तर शेजारच्या वस्तीवरच्या म्हशी त्याच्या मळ्यात. तो बांधावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. म्हशींनी वांगी खाल्ली. मेथी खाल्ली. भोपळ्याचा वेल खाल्ला, मग भोपळे खाल्ले. एक म्हैस मध्येच थांबली आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा खायला लागली. रस्त्यानं जाणारे लोक ओरडले, "हाकल की." तीमथ्यानं ओठांवर बोट ठेवलं. संध्याकाळी म्हशी घरी गेल्या. मळ्यात बुजगावणं तेवढं राहिलं.

गावभर बोभाटा झाला. तीमथ्याचा मळा म्हशींनी खाल्ला आणि हा बाबा शब्दानं कुरकुरला नाही. गोष्ट सुवार्ताच्या माहेरी पोचली. करंजीत सारण जास्त म्हणणारा माणूस अख्खा मळा गेला तरी गप्प? सुवार्ताला आधी खरं वाटेना. मग तिनं अंड्यांची टोपली घेतली आणि सणाच्या आदल्या दिवशी ती घरी आली.

तीमथ्यानं तिला दारात पाहिलं. बोलायची बंदी होती. तो नुसता उभा राहिला आणि डोळ्यांतून पाणी काढू लागला.

"पुरे आता," सुवार्ता म्हणाली. "बोला."

"देवाचे उपकार," तीमथ्य म्हणाला. हे तेवढं पहिल्यांदाच योग्य जागी पडलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण उद्या सण. सुगीच्या सणाला जो तो आपल्या पिकातलं देवळात नेतो, वेदीपुढे ठेवतो, आणि उपासना झाली की शद्रकआजोबा त्याचा लिलाव पुकारतात. अंडी सुवार्ताच्या माहेरची; तीमथ्यापाशी स्वतःचं न्यायला काहीच नव्हतं. तो पाळकसाहेबांकडे धावला.

"देव भोपळे मोजत बसत नाही रे," साहेब मायेनं म्हणाले. "ज्याबद्दल तुला सगळ्यात जास्त उपकार वाटतात, ते दे. हात आखडू नकोस, रडू नकोस आणि परत मागू नकोस."

"काहीही असलं तरी?"

साहेबांच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली. पण बाहेर झाडलोट, फुलं, पेटी-तबला, शंभर कामं पडली होती. "काहीही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेदीपुढे रास लागली. ज्वारीची कणसं, गुळाची ढेप, तांबडा भोपळा, पाय बांधलेला कोंबडा. सुवार्ताच्या एका हातात अंड्यांची टोपली होती; तीमथ्य तिचा दुसरा हात धरून सरळ पुढे गेला. जोडीनं प्रार्थना करायची असेल, असं तिला वाटलं. त्यानं तिला भोपळ्याच्या आणि कोंबड्याच्या मध्ये बसवलं, मान लववली आणि तो एकटाच पुरुषांच्या बाजूला येऊन बसला.

"तीमथ्या, हे काय?" पाळकसाहेब म्हणाले.

"दान, साहेब."

"बायको कुणी दान देतं का?"

"सगळ्यात जास्त उपकार वाटतात ते दे म्हणालात. मला हिच्याबद्दल वाटतात. बाकीचं म्हशींनी खाल्लं."

सुवार्ता उठायच्या बेतात होती, ती परत बसली. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"बरं," साहेब म्हणाले, "देवानं तुझं दान घेतलं आणि तुला परत दिलं. ने घरी."

"परत घ्यायचं नाही म्हणालात." रडायची मनाई होती, म्हणून तीमथ्य छपराकडे बघत होता.

"अहो," सुवार्ता म्हणाली, "मग मी इथंच राहू का, कोंबड्यापाशी?"

तीमथ्यानं विचार केला. ती संकटात होती. संकटातल्या माणसाला काय म्हणायचं, ते त्याला पाठ होतं.

"धीर धर, सुवार्ता. हेही दिवस जातील."

सुवार्ता उठली. लुगड्याला लागलेला भुसा झटकला. बायका कधी जात नाहीत त्या पुरुषांच्या बाजूला गेली, तीमथ्याचं मनगट धरलं आणि त्याला आणून भोपळ्याशेजारी बसवलं.

"साहेब, माझं दान राहिलं होतं," ती म्हणाली. "आजोबा, करा पुकारा."

शद्रकआजोबा शिडीवरून पडल्यापासून या माणसाचं काहीतरी करायच्या विचारात होतेच. ते कुबडीवर उभे राहिले. "एक तीमथ्य," त्यांनी पुकारलं. "भोळा आहे. खातो सगळं. राखण अजिबात करत नाही. कोण घेतं?"

कुणी तोंड उघडलं नाही. कोंबड्यानंही मान फिरवली.

"एक अंडं," सुवार्ता म्हणाली.

"एक अंडं, एक वार, दोन वार, तीन वार." आजोबांनी मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. काठी आपटली.

सुवार्तानं टोपलीतलं एक अंडं वेदीपुढे ठेवलं आणि दोघं घरी निघाली. ती पुढे, तो मागे. तीमथ्य खुशीत होता. बायको परत मिळाली होती, तीही मागावी न लागता. वेशीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग त्याला आतून काहीतरी टोचायला लागलं. त्यानं दाबून पाहिलं. ते दबेना.

"एकच अंडं?" तो म्हणाला.

"उपकार माना," सुवार्ता मागे न बघता म्हणाली. "मी फुटकं देणार होते."