रेंदाळकरबाईंचा ब्रेक

“मग, वस्ताद… टाकू ना आता माझं गॅरेज?”

सकाळपासून हिंदुराव हे सहाव्यांदा विचारत होता. दस्तगीरचाचा बशीतला चहा फुंकत होते. फुंकतच राहिले.

कोल्हापुरात गाड्यांची कामं करणारे सगळे चाचांना वस्ताद म्हणायचे. अकरा वर्षं हिंदुराव त्यांच्या हाताखाली होता, त्याआधी तालमीत. तिघांचं काम एकटा ओढणारा गडी! आणि ते चौघांना सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. चाचांनी अट घातली होती: रेंदाळकरबाईंची गाडी कर. मला पटली, तर तुझी वाट मोकळी.

गाडी एकाहत्तर सालची, निळी. बाईंच्या यजमानांनी हयात असताना हौसेनं तिला पॉवर ब्रेक बसवून घेतला होता. पायाचा जोर वाढवणारा त्याचा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालायचा. इंजिन बंद पडलं, की ब्रेक दगड. गेल्या महिन्यात उतारावर नेमकं तेच झालं, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई उसाच्या बांधाला टेकून कशाबशा थांबल्या. जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या त्या. घाबरल्या नाहीत, चिडल्या.

“दुसऱ्याच्या जिवावर थांबणारी गाडी मला नको,” म्हणाल्या. “साधा ब्रेक बसवून द्या.”

हिंदुरावानं बूस्टर काढला, साधा ब्रेक बसवला आणि गल्लीत दहा चकरा मारल्या. बाई गाडी न्यायला येऊन बसल्या होत्या.

“जागच्या जागी थांबतीय, वस्ताद!”

“कुणाच्या पायानं?”

“माझ्या की.”

चाचांनी बशी खाली ठेवली.

“बाई, तुम्ही बसा गाडीत. पैलवान, तू त्या भिंतीला पाठ लावून उभा राहा. बाई गाडी तुझ्याकडं आणतील. आणि थांबवतील.”

हिंदुराव हसला. मग त्यानं बाईंच्या पायांकडं पाहिलं. घोटे कसले, नुसती हाडं. त्याचं हसू विरलं.

“वस्ताद… जरा जोर लागतोय त्याला.”

“किती?”

हिंदुराव फडक्याला हात पुसू लागला.

“बोल की लेका. तुझ्या जिवाचं भ्या वाटलं तुला. बाईंच्या जिवाचं का न्हाई वाटलं?”

त्यापेक्षा चाचांनी थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं. हिंदुराव गाडीत शिरला आणि स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवा झाला.

पेडलच्या दांड्याला दोन भोकं होती. बूस्टरचा गज खालच्या भोकात होता, म्हणून यानं साध्या ब्रेकचा गजही तिथंच अडकवला होता. वरचं भोक रिकामंच. गज वर घेतला, की पेडल जास्त खाली जाणार, पण जोर कमी लागणार. पहार लांबून धरली की धोंडा हलका होतो, तसं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याच्या पायाला काही जडच वाटलं नव्हतं! अकरा वर्षांचा मिस्त्री म्हणे… छे!

गज वर घेऊन सगळं पुन्हा जुळवण्यात दोन तास गेले. तोवर बाईंनी चाचांना गुडघेदुखीचे तीन व्यायाम शिकवले, आणि करूनही घेतले.

मग कुणी न सांगता हिंदुराव भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

“अरे बाळा, बाजूला हो!” बाई ओरडल्या.

“या तुम्ही, बाई. ब्रेक मी बसवलाय.”

“बघ हं…”

गाडी निघाली. हळूच, पण निघाली. मागं भिंत, पुढं निळं बोनेट. हिंदुराव फक्त बाईंच्या तोंडाकडं बघत होता. बाई ओठ आवळून, शीर शोधताना बघावं तशा रस्त्याकडं बघत होत्या.

गाडी थांबली. त्याच्या गुडघ्यापासून हातभर लांब.

“अगं बाई! नुसता पाय ठेवला आणि थांबली की रे!” बाई खिडकीतून डोकं काढून हसत म्हणाल्या.

चाचा आले. “जा. टाक तुझं गॅरेज.”

हिंदुरावाला एकदम भरून आलं. सकाळीच यांनी हो म्हटलं असतं, तर? बोर्ड लागला असता, हार पडले असते, आणि असला ब्रेक त्यानं किती जणांच्या गळ्यात बांधला असता, देव जाणे. सहा वेळा विचारूनही हा म्हातारा गप्प राहिला, हे केवढे उपकार! त्यानं वाकून चाचांचे पाय धरले.

“वस्ताद, हे या जन्मात फिटायचं न्हाई. तुमची नजर होती माझ्यावर, म्हणून उभा राहिलो तिथं. न्हाईतर माझी छाती झाली नसती.”

चाचांनी पाय मागं घेतले.

“बाईंचे धर,” ते म्हणाले. “मी तर डोळे मिटून घेतले होते.”