साळिंदराचं बीळ आणि दहाव्याचा कावळा

मुलांनो, ही गोष्ट ज्या जंगलातली आहे, तिथं एक म्हातारा साळिंदर राहत असे. टेकडीच्या उतारावर त्याचं मोठं उबदार बीळ होतं. बायको केव्हाच गेली होती. तिला त्यानं दारासमोरच्या बेहड्याखाली पुरलं होतं. आता त्याच्याजवळ होती ती एक ससुली. वणव्यात तिचे आईबाप गेले, एक पाय भाजून अधू झाला आणि साळिंदरानं तिला उचलून घरी आणलं. माती उकरणं तिला जमत नसे. म्हणजे हे बीळ गेलं, तर ती उघड्यावरच पडली म्हणा ना!

साळिंदर मनानं चांगला, पण भारी संशयी. त्या जंगलात रीत अशी होती की, मेलेल्याचे दिवस जो करील, त्याला त्याचं बीळ मिळायचं. मेलेल्यानं जिवंतपणी चारचौघांत दुसऱ्या कुणाचं नाव सांगून ठेवलं असेल, तर मात्र ते त्याचं. आणि दहाव्याला पिंडासमोर कावळा बसे. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय, ते कुणीतरी बोलून दाखवीपर्यंत तो पिंडाला शिवत नसे.

एकदा साळिंदर खोकल्यानं हैराण झाला, तेव्हा कावळा दाराशी आला. "साळिंदरबाबा, राग मानू नका. तुमच्या मागं तुम्हाला कुठं ठेवायचं? बीळ कुणाला द्यायचं? एकदा वडाखाली सगळ्यांसमोर सांगून टाका."

साळिंदराची नजर आपसूक कोपऱ्यात झोपलेल्या ससुलीकडे गेली. पण लगेच मनात शंकेची पाल चुकचुकली. 'याला एवढी घाई कशाची? पिंडावर डोळा असणार मेल्याचा!' काटे फुलवून तो ओरडला, "माझ्या मरणावर टपलायस? चल, चालता हो!" कावळा बिचारा उडून गेला.

त्याच संध्याकाळी कोल्हा आला. "मामा, त्या कावळ्याचं मनावर घेऊ नका. अभद्र कुठला! तुम्हाला काय धाड भरलीय? आम्हाला पोहोचवून मग जाल तुम्ही!" साळिंदर खूश झाला. त्यानं कोल्ह्याला गोड कंद खाऊ घातले. बोलता बोलता कोल्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळून घेत होता. मला विचाराल तर संशय घ्यायचा तो इथं घ्यायचा होता! कोल्हा गेल्यावर ससुली म्हणाली, "आजोबा, तो अंगानं बीळ मोजत होता."

"तूही त्या कावळ्यासारखी बोलायला लागलीस का?" साळिंदर खेकसला. मग मनाशी म्हणाला, 'बरं वाटलं की जाऊ वडाखाली. घाई काय आहे?'

थंडी पडली आणि एका पहाटे साळिंदरानं डोळे मिटले. ससुलीचं रडणं ऐकून सगळ्यात आधी धावला तो कोल्हा. "मामांचं सगळं मीच करणार!" असं म्हणत त्यानं म्हाताऱ्याला ओढ्यापलीकडे न्यायला काढलं.

"आजीशेजारी ठेवा ना आजोबांना," ससुली कळवळून म्हणाली.

"तसं सांगून गेलेत का ते? कुणासमोर?" कोल्ह्यानं विचारलं. म्हाताऱ्याला ओढ्यापलीकडे पुरलं गेलं.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा फांदीवर येऊन बसला. "मामा, बीळ मी जपीन," कोल्हा म्हणाला. कावळा हलेना. "तुमच्या नावानं झाड लावीन!" तरी हलेना. "दर वर्षी सगळ्या जंगलाला जेवण घालीन!" कावळ्यानं मानच फिरवली. ऊन चढलं तशी जनावरं कुजबुजू लागली, "म्हाताऱ्यानं हाकललं होतं ना याला, त्याचा राग काढतोय मेला."

ससुलीला ते बघवेना. आजोबांचा जीव घुटमळतोय, या विचारानंच तिला भडभडून आलं. लंगडत लंगडत ती पुढं आली आणि म्हणाली, "आजोबा, माझी काळजी करू नका. तुम्ही सुखानं जा. मी राहीन कुठंही."

कावळा झटकन उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तेवढ्यात कोल्हा उठला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? ती स्वतःच म्हणाली, कुठंही राहीन!"

"अरे, बीळ तिलाच द्यायचं होतं त्यांना!" कावळा कळवळला. "मी विचारलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं."

"पाहिलं असेल. बोलले होते का?"

रीतीप्रमाणे बीळ कोल्ह्याचं झालं. संध्याकाळी कोल्हा उबदार बिळात ऐसपैस पसरला, आणि ससुली समोरच्या बेहड्याखाली आजीच्या मातीला टेकून कुडकुडत बसली.

तात्पर्य : आपल्या मागची सोय विचारणाऱ्याला वैरी समजू नये. मनातलं जिवंतपणीच चारचौघांत सांगून ठेवावं, नाहीतर ज्याच्यावर आपली माया, त्यालाच उघड्यावर बसावं लागतं.