सोऱ्याचं कुरण

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजाची श्रीमंती त्याच्या गुरांवरून ठरायची. अशाच एका राजाचं डोंगरउतारावर मोठं कुरण होतं आणि दौलू नावाचा माणूस ते राखायचा.

वर्षानुवर्षं चरून चरून कुरण विरळ झालं होतं. जुन्या गोठ्यांच्या भिंतींवर पांढरा सोरा फुलतो ना, तो पावसाच्या पाण्याबरोबर जिथे वाहून जाई, तिथलं गवत कमरेला लागे. हे दौलूने हेरलं. त्याने गावोगावच्या भिंती खरवडल्या आणि मूठमूठ सोरा कुरणात फेकला. गवत तरारून आलं. राजा खूश झाला. दौलूला वाटलं, मुठीने एवढं, तर पाटीने किती! मग त्याने पाट्याच्या पाट्या ओतल्या.

आणि पावसाने ओढ दिली. पंधरा दिवस थेंब नाही, वर नुसतं मळभ. गवत मात्र हिरवंकच्च दिसत होतं. कुरणात गुरं सोडायच्या ठरल्या दिवशी राजाची तीनशे गुरं उपाशीपोटी फाटकाशी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात गोजराआत्या धापा टाकत आली. गावातली सगळ्यांत जुनी गुराखीण ती.

“दौलू, फाटक उघडू नकोस! काल माझी कालवड कुंपणातून आत घुसली. चार घास खाल्ले नि आडवीच झाली. हिरड्या तपकिरी पडल्या. नशिबाने वाचली.”

“आत्या, राजाचा हुकूम आहे. आणि गवत बघ की, कसं माजलंय!”

“बघितलं. मग आधी तुझी तांबू गाय सोड आत.”

दौलूने तांबूच्या दाव्याला हात घातला. ती गवताकडे मान ताणत होती. गाठ सैलच होती, पण त्याच्या बोटांनी ती सुटेना.

तो तसाच राजाकडे गेला. “महाराज, हावरेपणा माझा झाला. गवतात विष उतरलंय.”

“मग माझी गुरं काय खाणार?” राजा कडाडला.

मागून आलेली गोजराआत्या म्हणाली, “कोरडी वैरण, महाराज. ऊनपावसाविना सगळा सोरा गवतातच साचून राहिलाय. पाऊस पडू द्या, गवताला चार दिवस ऊन खाऊ द्या. मग पोटात वैरण घालून घटकाभरच सोडा.”

राजाने वैरणीची कोठारं उघडायला सांगितलं.

आठवड्याने पाऊस झाला, मग ऊन पडलं. अर्धं पोट वैरणीने भरून गुरं घटकाभर आत चरली. सगळ्यांत पुढे तांबू होती. दौलू दिवसभर पाण्याचा घोटही न घेता गुरांवर नजर ठेवून फाटकाशी उभा राहिला. संध्याकाळी तीनशेच्या तीनशे गुरं रवंथ करत धडधाकट बसलेली दिसली, तेव्हा तो हसता हसता रडू लागला. आत्याने त्याच्या हातावर भाकरी ठेवली. ती त्याने उभ्या दिवसाच्या भुकेने खाल्ली.

पुढे त्या कुरणात सोरा पडला, तो पाऊस बघून आणि मुठीनेच. गवत आधीइतकं उंच झालं नाही, पण एकही जनावर दगावलं नाही.

जे आपल्या गायीपुढे टाकायला हात धजत नाही, ते दुसऱ्याच्या गायीपुढेही टाकू नये.