सात नव्वे चौसष्ट

फार वर्षांपूर्वी, मास्तरांना पंतोजी म्हणत आणि शाळेला छप्पर असलंच पाहिजे असा कुणाचा हट्ट नसे, त्या काळातली ही गोष्ट. समुद्राकाठी पाजवेळ नावाचं कोळ्यांचं गाव होतं. तिथं घाटावरून निळोपंत नावाचे पंतोजी आले. कुणी म्हणतात भावाशी भांडून आले, कुणी म्हणतात रस्ताच तिथं संपला म्हणून थांबले.

गावानं त्यांना उंडीच्या झाडाखाली जागा दिली, भात दिला आणि पोरं दिली. मासळीही द्यायची होती, पण पंतोजी खात नसत. शिकलेल्या माणसात एखादी उणीव असायचीच, असं म्हणून गावानं तेही पोटात घातलं.

पोरं हुशार होती. धूळपाटीवर अक्षरं गिरवली, पाढे पाठ केले. घोडं अडलं ते एकाच जागी. पंतोजी विचारत, "सात नव्वे?" आणि सगळी शाळा एका सुरात म्हणे, "चौसष्ट!"

त्याला कारण होतं. पाजवेळच्या होडीवर सात माणसं असत. मासळी वाटताना प्रत्येकापुढं नऊ नऊ मासे टाकत, आणि सातवा वाटा झाला की एक मासा खारजाईच्या, म्हणजे दर्याच्या देवीच्या नावानं परत पाण्यात सोडत. तो मोजल्याशिवाय वाटणी पुरी होत नसे. पोरं हे आईच्या दुधाबरोबर शिकलेली.

पंतोजी ओरडले, छडी मारली, उन्हात उभं केलं. शेवटी पोशी नावाची कोळीण टोपली डोक्यावर घेऊनच भांडायला आली.

"पंतोजी, तुमी त्रेसष्टावर थांबता, मंग आईचा मासा कुनी खाल्ला?"

"बाई, पाढ्यात आई नसते!"

"मंग असला पाढा शिकवता तरी कशाला?"

गावातल्या बायकांनी पंतोजींचं नाव 'तिरसट' ठेवलं. त्रेसष्ट म्हणता म्हणता माणूस तिरसट झाला, यात त्यांना काही खोटं वाटत नसे.

वर्षं गेली. पहिली पोरं मोठी होऊन होड्यांवर गेली, त्यांची पोरं उंडीखाली येऊन बसली आणि त्यांनीही पहिल्याच दिवशी चौसष्ट म्हटलं. पंतोजी त्या दिवशी जेवले नाहीत, असं म्हणतात. अख्खा जन्म दिला आणि गाव एका आकड्यानं हललं नाही.

मग ते रोज संध्याकाळी पुळणीवर जाऊन बसू लागले. समोर समुद्रात राकसदाढ नावाचा खडक होता. त्याच्यापुढं काही बोललं की तो तेच परत बोलायचा. पंतोजी त्याला सातचा पाढा म्हणून दाखवत. खडक म्हणे, "सात नव्वे त्रेसष्ट." पंतोजी घरी परतताना म्हणत, "या गावात माझा एकच विद्यार्थी शिकला, आणि तो दगड आहे." असं म्हणतात, की पुढं पुढं तो खडक कुणी न विचारताही सातचा पाढा म्हणू लागला. शेजारून जाणाऱ्या होड्यांना तो ऐकू यायचा आणि कोळी हसायचे. पण हसताना होडी दूरच ठेवायचे, कारण राकसदाढेनं कितीतरी होड्या फोडल्या होत्या.

एका माघात सगळ्या होड्या पहाटे बाहेर पडल्या आणि मागून धुकं उतरलं. दुपार झाली तरी उठेना. पुळणीवर उभ्या असलेल्या बायकांना स्वतःचे पाय दिसेनात. त्यांनी नवऱ्यांना, लेकांना हाका मारल्या. राकसदाढेनं त्याच हाका, त्याच नावांनी, त्याच आवाजांत मारल्या. मग एक फुटकी फळी वाहत किनाऱ्याला लागली. ती जुनी की आजची, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही. हाका बंद पडल्या.

तेव्हा पंतोजी शाळा घेऊन पाण्यापर्यंत आले. म्हणाले, "सातचा पाढा म्हणा. गळा फाटला तरी थांबू नका."

पोरं म्हणू लागली. तिकडून खडकही म्हणू लागला. पोरांचे बाप धुक्यात होते, समोर पंतोजी होते, आणि आज चूक होता कामा नये एवढंच पोरांना कळत होतं. म्हणून त्या गावात आजवर जे घडलं नव्हतं ते घडलं. सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "सात नव्वे त्रेसष्ट!"

खडकानंही म्हटलं, "सात नव्वे त्रेसष्ट."

असं म्हणतात, की पंतोजींच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि येऊ नये त्या दिवशी आलं. समुद्रावर दोन्हीकडून एकच पाढा ऐकू येत होता. घर कुठलं आणि खडक कुठला, हे कोण सांगणार?

"गाढवांनो!" पंतोजी ओरडले. "चौसष्ट म्हणा!"

पोशीची नात घाबरून म्हणाली, "पन पंतोजी, त्रेसष्टच बरोबर ना?"

"बरोबर आहे, म्हणूनच म्हणू नको! चौसष्ट!"

आणि हातातली छडी समुद्रात भिरकावून पंतोजींनी स्वतःच पहिल्यांदा म्हटलं, "सात नव्वे चौसष्ट!"

तिकडं धुक्यात एका होडीवर हाशा तांडेलानं वल्ही थांबवली. तोही कधीकाळी उंडीखाली शिकलेला, चौसष्टापायी उन्हात उभा राहिलेला. "ऐका रं," तो म्हणाला. "तिकडं त्रेसष्ट, इकडं चौसष्ट. चूक आपल्या घरची हाय. वल्हवा!"

राकसदाढेनंही चौसष्ट म्हणायचा प्रयत्न केला, असं म्हणतात. पण पंतोजींनी घोटून घेतलेला पाढा तिच्या तोंडून काही केल्या हलेना. जिथं चौसष्ट ऐकू येत होतं तिथं धुकं भांग पाडल्यासारखं दुभंगलं, आणि त्या वाटेनं एकेक होडी पुळणीला लागली. शेवटची होडी दिवस बुडताना आली. तोवर पंतोजी म्हणतच होते. मग त्यांचा आवाज गेला, आणि तो पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धूळपाटीवर सात आणि नऊ काढले आणि पोरांकडे पाहिलं. पोरं हळू आवाजात म्हणाली, "त्रेसष्ट." पंतोजींनी मान हलवली, आणि मग एक बोट वर केलं. पोरं म्हणाली, "आणि एक आईचा."

त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी आवाजाशिवाय आणि छडीशिवाय शिकवलं. पोरं पूर्वीपेक्षा जास्त ऐकत. ते वारले तेव्हा वाटणीत आणखी एक मासा पाण्यात जाऊ लागला, पंतोजींच्या नावानं. जन्मात मासळी न खाल्लेल्या माणसाला मेल्यावर रोज मासा मिळतो, आणि हिशेबानं सात नव्वे आता पासष्ट होतात. पण गाव ते मोठ्यानं बोलत नाही.

आज पाजवेळला पक्की शाळा आहे. तिथं त्रेसष्टच शिकवतात. मात्र धुकं पडलं की शाळा सुटते आणि पोरं घरी न जाता पुळणीवर जाऊन चौसष्ट म्हणतात. म्हातारीकोतारीही म्हणतात, शेवटची होडी लागेपर्यंत कुणी थांबत नाही. याला ते 'पंतोजींची हाक' म्हणतात. घाटावरून बदलून आलेला नवा मास्तरही त्यांच्याबरोबर उभा असतो. पहिल्या वर्षी तो ओठांतल्या ओठांत त्रेसष्ट म्हणतो. दुसऱ्या वर्षी सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच असतो, असं म्हणतात.